वाईटातला वाईट दिवस

दाराबाहेर पडायचं आणि मग किल्ली आतच राहिली हे आठवायचं, हा मुंगीच्या आईचा रोजचा व्यायाम होता. त्या सकाळीही तिने मुंगीला जिन्याच्या पायरीवर बसवलं, उजव्या बुटाची लेस बांधली, डाव्या बुटाची हातात घेतली आणि किल्ली आठवून आत गेली. किल्ली फ्रिजवर होती. का होती हे विचारण्यात अर्थ नव्हता; त्या घरात वस्तू आपापल्या मर्जीने राहत. ती बाहेर आली तेव्हा डाव्या बुटाची लेस बांधलेली होती.

तिने आधी जिन्यात वर-खाली पाहिलं. कोणी नव्हतं. मग तिने गाठीकडे पाहिलं आणि ती कोणा मोठ्या माणसाची नाही हे तिला कळलं. लेसच्या दोन फासांपैकी एक कान गाढवाचा, दुसरा उंदराचा. मधली गाठ सैल, आणि लेसचं टोक ओलं, कारण मुंगी कुठलंही काम करताना त्या कामाचा एखादा तुकडा तोंडात धरी. मुंगी भिंतीला खांदा लावून बसली होती आणि बुटाकडे, दुसऱ्या कोणाच्या तरी बुटाकडे बघावं तशी, बघत होती. "झालं," ती म्हणाली. मुंगीजवळ मोजकेच शब्द होते आणि तिने ते काटकसरीने वापरायचं ठरवलेलं होतं: झालं, नको, परत, पाणी, ताई. आईच्या छातीत काहीतरी धपकन बसलं. आनंद असा येतो हे ती विसरून गेली होती, त्यामुळे पहिल्यांदा तिला नुसतं दुखल्यासारखंच वाटलं. ती खाली वाकली, तिने मुंगीच्या डोक्याचा वास घेतला (मुका घेतलेला मुंगीला चालत नसे, वास घेतलेला चाले), आणि तो आनंद नीट टेकतोय न टेकतोय तोच त्याच्या मागून दुसरा विचार धापा टाकत वर आला: आजच? नऊ वर्षांत सगळे दिवस मोकळे पडले होते आणि बाईसाहेबांना मुहूर्त सापडला तो आजचा!

कारण आज बैठक होती. शाळेत ज्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागते अशा मुलांना ती सोय पुढच्या वर्षी द्यायची की नाही, हे ठरवायला शिक्षण खात्याची तीन माणसं वर्षातून एकदा येत. मुंगीची सोय म्हणजे ताई. ताई वर्गात मुंगीच्या बाकावर बसे, फळ्यावरचं तिच्या कानात हळू आवाजात सांगे, घंटा होण्याआधी तिच्या कानांवर हात ठेवी, तिला बाथरूमला नेई. कागदोपत्री तिला शॅडो टीचर म्हणत. गेल्या वर्षीपर्यंत ही सावली दिवसभर होती. मग गेल्या वर्षीच्या बैठकीला मुंगीचे बाबा गेले. बाबा हा स्वभावाने आशावादी माणूस; रात्रपाळीला बेकरीत पाव भाजायचा आणि सकाळी जगाबद्दल चांगलं बोलत घरी यायचा. अध्यक्षबाईंनी विचारलं, कशी आहे मुलगी, आणि याने सांगितलं, एकदम मस्त! स्वतःच्या हाताने जेवते. गाणं लागलं की दुसऱ्या ओळीत ओळखते. परवा तर मला पाणी आणून दिलं. तिघांनी माना डोलावल्या, अभिनंदन केलं, चहा पाजला आणि ताईचा दुपारचा वेळ कापला. म्हणजे सावली सकाळची मंजूर झाली, दुपारची नाही. आणि तीही एका वर्षापुरती. घरी येऊन तो म्हणाला, "फार चांगली माणसं आहेत गं." त्यानंतर त्याला बैठकीला जायची बंदी झाली.

बसमध्ये मुंगी खिडकीशी बसली आणि आई तिच्या पायांकडे पाहत राहिली. मुंगी चालताना एक हात भिंतीला लावून, भिंतीच्या कडेकडेने चाले, म्हणून ती मुंगी. लेसचे बूटही तिच्याच हट्टाचे. चिकटपट्टीचे आणले होते, पण ती पट्टी उघडताना जो चर्र आवाज होतो त्याने मुंगी अशी किंचाळली होती की दुकानदाराने पैसे न मागता बूट परत घेतले. मग लेस. रोज सकाळी आई जिन्यात बसून दोन लेसा बांधी आणि मनात म्हणे, ही लग्नाच्या वयाची होईल आणि मी गुडघे धरून इथेच बसलेली असेन. लग्न हा शब्द मनात आला की ती घाईने दुसरं काहीतरी आठवायची. ताईने जुन्या बुटाचं तोंड एका पुठ्ठ्यावर चिकटवून घेतलं होतं, त्यात एक लाल लेस आणि एक पांढरी. दोन कान करायचे, एक कान दुसऱ्याच्या पोटाखालून काढायचा, ओढायचं. जमेल तेवढं जमलं की ताई टाळी न वाजवता, कारण टाळी चालत नसे, तळहात तळहातावर नुसता ठेवी, मग गाठ सोडून टाकी आणि म्हणे, परत. मुंगीला हे 'परत' फार आवडायचं. कितीही वेळा सुटलं तरी तिला त्यात अपमान वाटत नसे. आईने मात्र, पहिल्यांदा पुठ्ठा पाहिला तेव्हा, तो उलटा करून ठेवला होता. ती स्वतः कपडे उसवायचं आणि शिवायचं काम करी. ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत तिचं मशीन होतं, लोक जाड होत, बारीक होत, आणि तिच्याकडे येत. उसवणं हे शिवण्यापेक्षा नाजूक काम. कापडाला कळता कामा नये. मुलीने अर्धीमुर्धी जमवलेली गाठ मुद्दाम सोडणारी ती बाई तिला त्या दिवशी आपल्याच धंद्यातली वाटली होती.

तिला कोणाला तरी फोन करून सांगावंसं वाटत होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो नाचत बैठकीला आला असता. बहिणीला सांगावं तर बहिणीचा मुलगा मुंगीच्याच वयाचा, बुद्धिबळ खेळायचा, ती म्हणाली असती, "अगं वा, लेस का? छानच गं," आणि त्या 'छानच गं'मध्ये इतकी माया असती की आठवडाभर जेवण गेलं नसतं. राहिली ताई. ताईला तर आज काहीच सांगता येणार नव्हतं, कारण ताई आज समितीसमोर बसणार होती आणि ताईला खोटं बोलता येत नसे. बस वळली. मुंगीने बूट सीटवर ठेवला आणि गाढवाचा कान बोटाने दाबून पाहिला.

शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात बाकं मांडली होती आणि त्यांवर आया बसल्या होत्या. बैठकीला आलेल्या आया लांबूनच ओळखू येतात. परीक्षेला आल्यासारख्या बसतात, फक्त नापास व्हायची तयारी करून. त्यांच्यात एक होती तिला सगळ्या मास्तरीण म्हणत. ती शिक्षिका नव्हती, पण तिचा मुलगा आता बापापेक्षा उंच झाला होता आणि इतक्या बैठका तिने पार पाडल्या होत्या की खात्याची माणसं बदलली तरी ती बदलली नव्हती. तो उंच मुलगा तिच्या शेजारी बसून तिच्या पर्सची चेन उघडत आणि बंद करत होता, आणि ती व्हरांड्यात शिकवणी घेत होती.

"हसायचं नाही. आत गेल्यावर कोणी हसलं तरी हसायचं नाही. आणि चांगलं काही सांगायचं नाही. वाईटातला वाईट दिवस आठवायचा आणि तो रोजचा आहे असं सांगायचं. कळलं?"

"पण खोटं..." एक नवी आई म्हणाली.

"खोटं कुठे? घडलेलं आहे ना? मग! बाकीचे दिवस फक्त विसरायचे. मुंगीची आई, ये, बस. अगं, वेणी किती नीट घातलीस पोरीची! लग्नाला चाललीस का? एक बट सोड बाहेर." मुंगीच्या आईने एक बट सोडली. मास्तरणीची नजर वेणीवरून फ्रॉकवर, फ्रॉकवरून मोज्यांवर गेली आणि डाव्या बुटावर थांबली. मग ती आवाज उतरवून, आणि थोड्या असूयेनेही, म्हणाली, "पोरीने बांधली?"

"आज सकाळी. पहिल्यांदाच."

"माझा अजून नाही बांधत." पर्सची चेन उघडली, बंद झाली. "सोड ती. आत मानसतज्ज्ञ आहे ना, त्याची नजर आधी हातावर जाते, मग पायावर. एका लेसवर तुझी ताई जाईल. सोड."

मुंगीच्या आईला कपाटातला तो दिवस आठवला. आठवला म्हणणं बरोबर नाही, तो कायम तिथेच उभा असे. दुपारची वेळ, ताई घरी गेलेली. आगीची घंटा कशी वाजते आणि मुलांनी रांगेने कसं खाली जायचं याचा सराव. घंटा वाजली, वर्ग रांगेने खाली गेला, मुलं मोजली गेली, आणि मोजणाऱ्याने मुंगीला ताईच्या हिशेबात धरलं. ताई नाही म्हणजे मुंगी नाही, इतकं ते सोपं होतं. शाळा सुटली तेव्हा मुंगी चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटात सापडली, रंगाच्या बाटल्यांमध्ये, स्वतःचं मनगट दातात धरून. आईने तिला बाहेर काढलं तेव्हा मनगटावर दातांची गोल रांग होती आणि मुंगी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मुख्याध्यापकांना फार वाईट वाटलं होतं. ते म्हणाले होते, पुढच्या वर्षी सकाळची सोयसुद्धा गेली, तर आम्हाला जबाबदारी घेता येणार नाही; शेवटी घर हीच पहिली शाळा, नाही का? म्हणजे चार भिंती, आणि त्या भिंतींना एक हात लावून चालणारी मुलगी, आणि दुकानातली नोकरी सोडून तिच्यामागे चालणारी आई. तिने हे चित्र इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातला फ्रिजसुद्धा तिला दिसे.

ती खाली वाकली. लेसचं ओलं टोक आता वाळून टणक झालं होतं. तिने ते चिमटीत धरलं. धंद्यातली सवय, बोटांनी काम केलं, तिला करावं लागलं नाही. गाढवाचा कान आत गेला, उंदराचा कान आत गेला, गाठ सुटली. कापडाला कळलं नाही. मुंगी बघत होती. तिचा चेहरा एकदम उजळला. "परत!" ती म्हणाली, आणि झटकन वाकून तिने दोन्ही टोकं हातात घेतली, एक तोंडात धरलं आणि पहिला कान केला.

"नको, मुंगे. आता नको."

"परत," मुंगी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली.

"नको ना, राणी. नंतर." आईने तिचे दोन्ही हात धरले. मुंगीने हात सोडवून घेतले नाहीत. ती नुसती आईच्या हातांकडे बघत राहिली, जसं बंद पडलेल्या मशीनकडे बघतात. मास्तरीण दुसरीकडे पाहत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायाने मुंगीचं शाळेतलं पूर्ण नाव हाकारलं, जे ऐकून मुंगी कधीच उठत नसे.

नव्या नियमाप्रमाणे आपल्याविषयीच्या बैठकीला हजर राहणं हा मुलाचा हक्क होता. त्यामुळे मुंगीलाही खुर्ची होती, मोठ्यांसारखीच, आणि तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. टेबलापलीकडे अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी कोवळ्या दाढीचा मानसतज्ज्ञ आणि त्याचा लॅपटॉप, आणि तिसरे एक गृहस्थ, जे कोणाच्या वतीने आले होते हे त्यांनाही आठवत नसावं. ते कपातला चहा ढवळत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत ताई बसली होती. ताई इस्त्रीची ओढणी सारखी करत होती. तिची पुढच्या वर्षीची नोकरीही याच टेबलावर होती, पण मुंगीकडे बघून तिने नेहमीसारखा तळहात तळहातावर ठेवला.

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती आणि त्यांच्याजवळ वाटायला फारच थोडं होतं; पंगत मोठी आणि पातेलं लहान अशी त्यांची अवस्था. "घरी कसं काय असतं हिचं?"

आणि आई बोलू लागली. आधी तिला आपला आवाज अडखळताना ऐकू आला, मग तो सरळ झाला. घरात एकटं सोडता येत नाही. आवाज झाला की मनगट चावते. कपाटात जाऊन बसते. गॅसजवळ जाते. रस्त्यात हात सोडते. रात्री उठून दार उघडते. यातलं एकेक खरं होतं, कधीतरी घडलेलं होतं, आणि तिने एकाला एक असे टाके घालून ती शिवण पुढे नेली. मधेच तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे चांगलं जमतंय. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, हे आतून कळत होतं. तिला स्वतःची किळस आली आणि आवंढा आणखी खरा झाला. तिसऱ्या गृहस्थांनी ढवळणं थांबवलं. मुंगी पाय हलवत ऐकत होती. मुंगी ऐकते का, तिला किती समजतं, हा त्या टेबलावरचा जुना प्रश्न होता आणि तो दरवर्षी पुढच्या बैठकीवर ढकलला जाई. आईला उत्तर माहीत होतं. मुंगीला सगळं समजत असे.

"दोन शब्द जोडून वाक्य? म्हणजे 'पाणी दे', असं काही?" मानसतज्ज्ञाने विचारलं.

"नाही."

"ताई, हे तुमचं यंदाचं मुख्य उद्दिष्ट होतं ना?"

"हो सर. प्रयत्न चालू आहेत. एकेक शब्दच येतो अजून," ताई म्हणाली. हे खरं होतं. वर्षभर ताई दोन शब्द एकमेकांशेजारी आणून बसवायची आणि मुंगी त्यातला एकच उचलायची.

मानसतज्ज्ञ टाइप करता करता थांबला. त्याची नजर टेबलाखाली गेली. "अरे, लेस सुटलीये तुझी," तो म्हणाला, अगदी मायेने. "बांध बघू?"

खोलीत पंखा फिरत होता. मुंगीने बुटाकडे पाहिलं. तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली, हात गुडघ्यावरून खाली घसरू लागले. आणि मग, जी मुलगी कोणाच्या चेहऱ्याकडे कधी पाहत नसे, तिने मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सरळ. विचारत होती ती. आईला त्या क्षणी वाटलं, हो म्हणावं. हो म्हणावं, मुंगीने वाकून गाढवाचा कान करावा, उंदराचा कान करावा, या तिघांच्या नाकावर टिच्चून 'झालं' म्हणावं, आणि मग होईल ते होवो. ते होईल ते कपाटात बसलेलं होतं, मनगट दातात धरून.

"येत नाही तिला," आई म्हणाली.

"हेही उद्दिष्टात होतं," मानसतज्ज्ञ स्क्रीन बघत म्हणाला. "ताई?"

ताईने बुटाकडे पाहिलं. सुटलेल्या लेसला पडलेल्या घड्या तिथून दिसत होत्या, एक लांब आणि एक आखूड, आणि टोक चघळलेलं. ती घडी कोणाच्या हातची, हे त्या खोलीत फक्त ताई ओळखू शकत होती. तिचा चेहरा एकदम उघडला, म्हणजे उघडू लागला. मग तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली नाही, काही केलं नाही, फक्त पाहिलं. ताईने ओढणी सारखी केली.

"नाही सर," ताई म्हणाली. "येत नाही."

मुंगीचे हात होते तिथेच थांबले. मग तिने ते वर घेतले आणि, जागच्या जागी ठेवून दिल्यासारखे, दोन्ही मांड्यांखाली सरकवले.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. अध्यक्षबाईंनी दोघांशी कुजबुज केली, चष्मा काढला आणि सांगितलं की पुढच्या वर्षी पूर्ण दिवस. "तुमच्यासारखे पालक क्वचित भेटतात," त्या म्हणाल्या. "नाहीतर लोक इथे येऊन मुलांची स्तुती करत बसतात. आम्हाला काही करता येत नाही मग." आईने आभार मानले. ती हसली नाही. आता हसायला हरकत नव्हती हे तिच्या लक्षातच आलं नाही.

बाहेर मास्तरणीने नुसती भुवई उडवली. आईने सांगितलं, पूर्ण दिवस. बाकावरून एक उसासा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, काहींना आनंद झाला, काहींना आता आपल्या वाट्याला काय उरलं असेल याची धास्ती. "काय सांगितलंस गं?" नव्या आईने विचारलं, पण मुंगीच्या आईने मुंगीचा हात धरला आणि ती जिना उतरू लागली. मागून पावलं आली. ताई होती. तिघी खालच्या मजल्यावर आल्या, आणि जिन्याखाली जिथे मोडकी बाकं रचून ठेवलेली असतात तिथे, काही न ठरवता, वळल्या. ताईने मागे वळून कोणी येत नाही ना ते पाहिलं.

"सकाळी बांधली?"

"सकाळी. मी किल्ली आणायला आत गेले होते."

"दोन्ही कान?"

"दोन्ही. एक मोठा झाला, एक अगदीच बारका."

"पहिला कान मोठाच करते ती. सांगून ऐकत नाही." ताई हसली, तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने ओढणीने असे पुसले की जणू चष्माच पुसतेय. "पुठ्ठ्यावर तिला कधीच पूर्ण जमलं नव्हतं हो. एकदाही नाही. मीच शेवटी ओढून घ्यायचे." तिने मुंगीच्या बुटाकडे पाहिलं. "मला बघायचंय. एकदाच. इथे कोण बघतंय?"

आईने मुंगीला मोडक्या बाकाच्या कडेवर बसवलं. दोघी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, चोरीचा माल उघडून बघायला बसावं तशा. सुटलेली लेस दोन्हीकडे धुळीत लोंबत होती. ताईने ती उचलून मुंगीच्या हातात दिली आणि तळहातावर तळहात ठेवला.

"चल, मुंगे. परत."

मुंगीने लेसकडे पाहिलं. मग हात उघडला, आणि दोन्ही टोकं खाली पडली.

"परत, बाळा," आई म्हणाली. "आता चालेल. आता बांधलीस तरी चालेल."

मुंगीने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा आईकडे. दोघींकडेही सरळ, चेहऱ्याकडे. मग तिने पाय उचलला आणि बूट आईच्या मांडीवर ठेवला.

"येत नाही," ती म्हणाली.

अगदी स्पष्ट. शब्द दोन, आणि एकमेकांशेजारी नीट बसवलेले. ताईने तोंडावर हात ठेवला. जिन्यावरून शिपाई दुसऱ्या कोणाचं तरी पूर्ण नाव हाकारत होता. आईने मांडीवरच्या बुटाची लेस हातात घेतली, दोन कान केले, दोन्ही अगदी सारखे, एकातून एक काढला, ओढला. बोटं काम करत होती. आणि इतकी वर्षं शिकलेलं तिचं डोकंही आपलं काम करतच होतं, तिला न विचारता: पुढच्या बैठकीत हे वाक्य सांगायचं नाही. प्रगतीत धरतील.